शरीराने पेशी स्वीकारल्या. पेशींनी शरीर स्वीकारले का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या मुंबई पानावर, बहिणीच्या मूलपेशींमुळे, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशींमुळे, रक्ताच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या एका तरुणाची बातमी आली होती. बातमी आपुलकीने लिहिलेली होती, छायाचित्रात दोन्ही भावंडे हसत होती आणि रुग्ण चौथ्या आठवड्यात घरी गेला हे वाचून मलाही बरे वाटले. मात्र तिचा शेवट 'रुग्णाच्या शरीराने बहिणीच्या पेशी स्वीकारल्या असून आता धोका टळला आहे' या वाक्याने झाला होता. हे पत्र त्या एका वाक्याविषयी आहे. मूलपेशीरोपणात शरीराने पेशी स्वीकारणे हा अर्धाच प्रश्न असतो. उरलेला अर्धा, म्हणजे त्या पेशींनी शरीर स्वीकारले की नाही, याचा निकाल बहुधा रुग्ण घरी गेल्यानंतरच लागतो.

२०२२ च्या जून महिन्यात मी माझ्या धाकट्या भावाला मूलपेशी दिल्या. त्याला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाला होता आणि आम्हा तीन भावंडांत एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणांच्या, तपासणीत पूर्ण जुळणारी मी एकटीच निघाले. पाच दिवस दंडात इंजेक्शने घेतली, कंबरेची आणि छातीची हाडे आतून ठणकली, मग दोन्ही हातांना सुया लावून साडेचार तास यंत्राजवळ पडून राहिले. मध्ये ओठांना मुंग्या आल्या तेव्हा परिचारिकेने कॅल्शियम दिले. शेवटी हातात आली ती टोमॅटोच्या साराच्या रंगाची, ओंजळीत मावेल एवढी पिशवी. ती त्याच संध्याकाळी सलाइनसारखी त्याच्या नळीतून गेली. सोळाव्या दिवशी त्याच्या पांढऱ्या पेशी वाढू लागल्या, सत्ताविसाव्या दिवशी तो घरी आला आणि आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. आपल्या वार्ताहरांनी त्या दिवशी विचारले असते, तर मीही तेच वाक्य सांगितले असते.

एकतिसाव्या दिवशी त्याचे तळहात लाल झाले. मग तळपाय, कानांच्या पाळ्यांमागची त्वचा आणि मान. दुपारभर उन्हात उभे राहिल्यावर होते तशी ती लाली होती, पण जुलैचा महिना होता आणि आठवडाभर ऊन पडलेच नव्हते. जवळच्या डॉक्टरांनी ॲलर्जी समजून गोळ्या आणि लावायला लोशन दिले. त्यांना मी फार दोष देत नाही; पावसाळ्यात त्यांच्या दवाखान्यात दिवसाला वीस माणसे पुरळ घेऊन येतात आणि मूलपेशीरोपण झालेला हा त्यांचा बहुधा पहिलाच रुग्ण असावा. मात्र त्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी हिरवट पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, डोळे पिवळे दिसू लागले आणि त्याच रात्री आम्ही त्याला पुन्हा मोठ्या रुग्णालयात नेले. त्वचेचा तुकडा काढून तपासला गेला आणि निदान झाले ते 'ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज', ज्याला वॉर्डात सगळे नुसते जीव्हीएचडी म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे, तर माझ्या पेशी माझ्या भावावर उठल्या होत्या.

मूत्रपिंडाच्या रोपणात यजमानाचे, म्हणजे रुग्णाचे, शरीर परके इंद्रिय नाकारते, हे आता बहुतेक वाचकांना माहीत आहे. इथे उलटे घडते, कारण इथे रोपण होते ते प्रतिकारयंत्रणेचेच. १९५० च्या दशकात किरणोत्सर्गाचा मारा केलेल्या उंदरांना दुसऱ्या जातीच्या उंदरांची अस्थिमज्जा दिली, तेव्हा ते किरणोत्सर्गातून वाचले, पण काही आठवड्यांनी जुलाब आणि त्वचेच्या विकाराने झिजून मेले. त्याला तेव्हा 'दुय्यम आजार' असे मोघम नाव पडले. पुढे १९६६ मध्ये रूपर्ट बिलिंगहॅम यांनी असे घडण्याच्या तीन अटी स्पष्ट केल्या: दिलेल्या पेशींत लढण्याची क्षमता असली पाहिजे, यजमानाच्या पेशींवर दात्याकडे नसलेल्या काही खुणा असल्या पाहिजेत, आणि यजमान त्या पेशींना हुसकावून लावण्याच्या स्थितीत नसला पाहिजे. केमोथेरपीने मज्जा रिकामी केलेला रुग्ण तिसरी अट आपोआप पूर्ण करतो. पहिलीसाठी तर रोपणच केलेले असते.

प्रश्न दुसऱ्या अटीचा. 'पूर्ण जुळते' असा अहवाल हाती आल्यावर खुणा वेगळ्या कशा राहिल्या, असे मी डॉक्टरांना विचारले होते, आणि जीवशास्त्राची शिक्षिका असूनही उत्तर ऐकून गप्प झाले. एचएलए जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारात एक असते; पण बाकीच्या गुणसूत्रांवरून तयार होणारी असंख्य लहानसहान प्रथिने दोघांत वेगळीच राहतात. त्यातली काही पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरची असतात. स्त्रीच्या पेशींना ती परकी वाटू शकतात, आणि जिला मुले झाली आहेत तिच्या पेशींची गर्भारपणातच त्यांच्याशी गाठ पडलेली असू शकते. मुले झालेल्या स्त्रीने पुरुषाला पेशी दिल्या, तर जुनाट स्वरूपाच्या जीव्हीएचडीचा धोका वाढतो, हे वैद्यकात माहीत असलेले सत्य आहे. मी दोन मुलग्यांची आई आहे. दुसरा जुळणारा दाता नव्हता, म्हणून माझीच निवड झाली आणि ती योग्यच होती. पण त्यानंतर आमच्या नात्यातल्या एका बाईंनी 'बहिणीचे रक्त लागले नाही' असे म्हटले, तेव्हा त्यांना हे कसे समजावून सांगावे ते मला सुचले नाही. त्याला रक्त 'लागले' होते. फार जोरात लागले होते.

इथे थोडे माझ्या व्यवसायाविषयी लिहिणे भाग आहे. मुलुंडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी २९ वर्षे जीवशास्त्र शिकवले. प्रतिकारशक्ती शिकवताना गड, बुरूज, मावळे आणि शत्रू हीच उपमा मी दरवर्षी वापरली. मुलांना ती आवडते आणि परीक्षेपुरती चालतेही. आता वाटते, तिने अर्धेच सांगितले. शत्रू मारणे या यंत्रणेला फारसे अवघड नाही; आपल्या माणसाला न मारणे तिला अधिक अवघड आहे. मुंबईच्या वाचकांना सोसायटीच्या पहारेकऱ्याचे उदाहरण पटेल. दुसऱ्या सोसायटीत दहा वर्षे काम केलेला, चोख पहारेकरी आपल्याकडे आणला, तर पहिल्या दिवशी तो चोराला अडवेल, तसाच तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनाही अडवेल. अशा वेळी 'अहो, हे इथलेच' असे सांगणारे कोणीतरी फाटकाशी लागते.

शरीरात हे काम करणाऱ्या पेशी आहेत. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये टी पेशींचा, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, एक छोटा गट दाखवून दिला, जो काढून घेतला तर उंदराची प्रतिकारयंत्रणा त्याच्याच अवयवांवर तुटून पडते. २००१ मध्ये अमेरिकेतील मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी अशाच जन्मजात आजाराने मरणाऱ्या उंदरांच्या एका वाणात बिघडलेले फॉक्सपी-३ हे जनुक शोधले, आणि हे जनुक या नियामक टी पेशींच्या घडणीचा पाया आहे, हे नंतरच्या दोन वर्षांत सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या दिवशी अनेक वृत्तपत्रांनी ही बातमी चार ओळींत उरकली. मी ती भावाला मोठ्याने वाचून दाखवली.

जीव्हीएचडीत नेमके काय बिघडते, ते या पार्श्वभूमीवर कळते. रोपणाआधीच्या केमोथेरपीने आतड्याचे अस्तर सोलवटते, त्यातून जिवाणूंचे अंश आत झिरपतात आणि दुखावलेल्या ऊतींमधून धोक्याचे रासायनिक इशारे निघू लागतात. नव्याने आलेल्या टी पेशींना यजमानाच्या खुणा दिसतात त्या नेमक्या या कोलाहलात, म्हणून त्या भडकतात, भराभर वाढतात आणि त्वचा, यकृत व आतडे या तीन ठिकाणी उतरतात. नियामक पेशी तेव्हा संख्येने कमी पडतात. जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांना हा आजार कमी होतो, हे १९७० च्या दशकातच दिसले होते, आणि अलीकडच्या काळात आतड्यातील उपकारक जिवाणूंची विविधता ज्यांच्यात टिकते ते रुग्ण अधिक तगतात, असेही आढळले आहे. म्हणूनच या रुग्णांना मनाने अँटिबायोटिक सुरू करणे हा क्षुल्लक प्रमाद नव्हे.

मग सगळ्या टी पेशी आधीच का काढून टाकत नाहीत, असा प्रश्न माझ्या मुलाने विचारला होता आणि तो बरोबर होता. असे करून पाहिले गेले आहे. जीव्हीएचडी कमी होतो, पण संसर्ग वाढतात आणि कर्करोग परत येण्याचे प्रमाणही वाढते. एकसारख्या जुळ्या भावंडांच्या रोपणातही हेच दिसते: जीव्हीएचडी जवळजवळ नाही, पण ल्युकेमिया परतण्याचा धोका अधिक. कारण उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशी वेचून मारण्याचे काम याच परक्या टी पेशी करतात. माझ्या भावाच्या अंगावर पुरळ उठले तेव्हा डॉक्टरांचा चेहरा गंभीर होता, पण 'थोडा जीव्हीएचडी आम्हाला अगदीच नको असतो असे नाही' हेही ते बोलून गेले. या शास्त्राची सगळी कसरत त्या 'थोडा' या शब्दात आहे.

ही कसरत घरात कशी दिसते, तेही सांगते. सायक्लोस्पोरिनची गोळी पाकिटातून काढली की तिचा एक उग्र, दारूसारखा दर्प येतो. आमच्या स्वयंपाकघरात तो वर्षभर राहिला. हे औषध टी पेशींना वाढीचा संदेश मिळू देत नाही. रक्तातील त्याचे प्रमाण कमी झाले तर आजार भडकतो आणि जास्त झाले तर मूत्रपिंडे बिघडतात, म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी न घेता उपनगरी गाडीने जायचे, रक्त द्यायचे आणि मग फलाटाजवळच्या बाकावर बसून ती घ्यायची. त्या वर्षी गणपतीत पपनसाची फोड त्याच्या हातातून काढून घ्यावी लागली, कारण आतड्यातील जे विकर (एन्झाइम) हे औषध मोडते त्याला पपनस अडवते आणि रक्तातील प्रमाण अचानक चढते. जुलाबांच्या दिवसांत भावजयीने मापाच्या रेघा असलेला प्लॅस्टिकचा मग आणला होता. प्रत्येक वेळी किती मिलिलिटर, ते ती वहीत लिहीत असे, कारण आतड्याच्या जीव्हीएचडीची तीव्रता त्या आकड्यावरूनच ठरते. 'आज नऊशे' असे ती फोनवर सांगायची आणि मला दिवस कसा गेला ते कळायचे.

वजनाच्या प्रत्येक किलोमागे दोन मिलिग्रॅम या हिशेबाने स्टिरॉइड सुरू झाले. त्वचा आठवड्यात निवळली, आतडे निवळेना. स्टिरॉइडने पुरेसा गुण येतो तो ढोबळमानाने निम्म्याच रुग्णांना. उरलेल्यांसाठी बराच काळ खात्रीचे काही नव्हते. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा रुग्णांसाठी रुक्सोलिटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. पेशींना भडकवणारे सायटोकाइन या प्रथिनांचे निरोप ती आतल्या आत थांबवते, आणि नियामक पेशींना त्यातल्या त्यात कमी दुखावते. भावाला ती लागू पडली. तिच्या खर्चाविषयी मी इथे लिहीत नाही. त्यासाठी वेगळे पत्र लागेल.

या औषधांच्या पलीकडे जे चालले आहे, ते मला अधिक आशेचे वाटते. अर्धेच जुळणाऱ्या दात्याकडून, म्हणजे आई, वडील किंवा मुलाकडून रोपण करणे एके काळी दुःसाहस मानले जाई. आता पेशी दिल्यानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनेच, स्वस्त औषध देतात. त्या दिवशी जोराने वाढत असलेल्या, म्हणजे यजमानाला पाहून भडकलेल्या टी पेशी त्यात सापडतात, आणि मूलपेशी व बऱ्याचशा नियामक पेशी स्वतःजवळच्या एका विकरामुळे बचावतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रुळलेल्या या पद्धतीमुळे, एकच अपत्य असलेल्या कुटुंबांनाही दाता मिळू लागला. इटलीतील पेरुजियाच्या डॉक्टरांनी तर २०११ मध्ये दात्याच्या नियामक पेशीच वेगळ्या काढून आधी दिल्याचे प्रसिद्ध केले. मी शिकवत असताना हे पुस्तकात नव्हते.

आता एक तक्रार. स्टिरॉइड कमी होत असताना भावाचे हिमोग्लोबिन उतरले आणि रात्रीची वेळ म्हणून आम्ही घराजवळच्या एका छोट्या रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी 'रक्त लागेल, घरातल्याच कोणाचे मिळाले तर ताजे आणि चांगले' असे सांगितले आणि माझ्या मुलाने बाही वर केली. भावजयीने पर्समधले कार्ड काढले नसते, तर ते घडले असते. त्या कार्डावर लाल अक्षरांत लिहिले आहे की या रुग्णाला फक्त विकिरण केलेले, म्हणजे इरॅडिएटेड रक्तच द्यावे. बाटलीतल्या रक्तात दात्याच्या जिवंत टी पेशी असतात. निरोगी माणसाचे शरीर त्यांना संपवते. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णात त्या रुजतात, वाढतात आणि जीव्हीएचडी करतात, आणि हा प्रकार मज्जेलाही सोडत नसल्याने त्यातून दहांत एकही रुग्ण क्वचितच वाचतो. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तात हा धोका निरोगी माणसालाही असतो, कारण नात्यामुळे खुणा कधी कधी अशा जुळतात की शरीर त्या पेशींना आपलेच समजून आत घेते, पण त्या पेशी शरीराला आपले समजतीलच असे नाही. २५ ग्रे (ग्रे हे किरणांचे माप) एवढे किरण दिले की टी पेशींची वाढ थांबते, आणि लाल पेशींचे फारसे बिघडत नाही. नुसती पांढऱ्या पेशी गाळणारी जाळी पुरत नाही. 'घरचे रक्त सर्वांत चांगले' हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की रक्तपेढीच्या दारावर त्याविरुद्ध मोठ्या अक्षरांत पाटी हवी.

१९८३ मध्ये परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण केले. त्याला चार दशके उलटली. आज खारघरला टाटा स्मारकच्याच ॲक्ट्रेक या केंद्रात रोपणे होतात, बोरिवलीला महापालिकेच्या केंद्रात थॅलेसेमियाच्या मुलांची होतात, खासगी रुग्णालयांत होतात. म्हणजे रोपण झालेली माणसे आता आपल्या गल्लीत, आपल्या डब्यात, आपल्या शाळेत आहेत. तरीही घरी जाताना हाती पडणारा कागद बहुधा इंग्रजीतच असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मला खानदेशातून आलेले एक काका भेटले होते; त्यांच्या मुलाच्या कागदावर कोणत्या लक्षणाला त्याच दिवशी परत यायचे, ते सगळे व्यवस्थित छापलेले होते आणि त्यांना त्यातल्या औषधांच्या वेळा तेवढ्या कळल्या होत्या. तळहात लाल होणे, पातळ जुलाब, डोळे पिवळे, तोंड आणि डोळे कोरडे पडणे, धाप लागणे: ही पाच लक्षणे मराठीत एका पानावर, रुग्णासाठी आणि गावच्या डॉक्टरांसाठी, एवढीच रुग्णालयांकडे मागणी आहे. त्यात एक मुंबईकर म्हणून मी आणखी एक ओळ घालीन. जुन्या इमारती पाडल्या की हवेत बुरशीचे बीजाणू उडतात, आणि स्टिरॉइडवर असलेल्या माणसाच्या फुप्फुसात ते सहज रुजतात. आमच्या शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास नेमका त्याच पावसाळ्यात सुरू झाला होता आणि भावाच्या खोलीची खिडकी आठ महिने उघडली गेली नाही.

आपल्या दैनिकाकडे मागणी याहून लहान आहे. ज्या कुटुंबाची बातमी आपण छापली, त्यांना शंभर दिवसांनी आणि मग वर्षाने एकदा फोन करावा, आणि जे असेल ते त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापावे. तोवर 'धोका टळला' हे शब्द वापरू नयेत. त्या बहिणीला पुढच्या महिन्यात भावाचे लाल तळहात पाहावे लागले, तर ते आपल्यामुळे झाले असे तिला वाटू नये, म्हणूनही हे सांगते आहे.

माझा भाऊ आता कामावर जातो. तोंडात जीव्हीएचडीच्या पांढऱ्या रेघा अजून आहेत, त्यामुळे आमटी त्याच्यासाठी बिनतिखटाची वेगळी काढावी लागते, आणि डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब घालावे लागतात. एक गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. रोपणाआधी त्याचा रक्तगट बी पॉझिटिव्ह होता. एचएलए आणि रक्तगट यांचा परस्परांशी संबंध नसल्याने माझा ओ पॉझिटिव्ह असूनही रोपण झाले, आणि आता त्याच्या अंगात माझेच रक्त तयार होत असल्याने त्याचाही रक्तगट ओ पॉझिटिव्ह झाला आहे. ज्या शहरात १९५२ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला, त्या शहरात हे समजावणे सोपे जाईल, असे मला वाटले होते. पण वाहन परवान्यावर, कार्यालयाच्या ओळखपत्रावर आणि सोसायटीच्या रक्तदात्यांच्या यादीत तो अजूनही बी पॉझिटिव्हच आहे, आणि परवान्यावरचा गट बदलायला गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी आम्हाला शांतपणे सांगितले की रक्तगट बदलत नसतो.

आपली नियमित वाचक,
जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई